बुडीत खाती

पाण्याला मी भीत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून लोक नेमका तोच निष्कर्ष काढतात. निपाणीकडच्या आमच्या मळ्यातल्या विहिरीत मी पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकलो. पाण्यात विरोळा साप दिसला तर त्याला वाट देतो. मासे पायाला चावले तर चावू देतो. मला भीती वाटते ती माणसाने बनवलेल्या आणि पाण्याखाली राहिलेल्या वस्तूंची. पाइप, साखळी, लोखंडी शिडी, पूल, देऊळ. हीच मंडळी कोरड्या जमिनीवर असली तर त्यांच्याशेजारी मांडी घालून मी डबा खाईन. पतसंस्थेत वसुलीला असल्यामुळे बुडालेल्या गोष्टींशी माझा रोजचाच संबंध येतो म्हणा, पण ते कोरडं बुडणं. त्याने अंगावर काटा येत नाही, फार तर संचालक येतात.

सुरुवात त्या विहिरीतच झाली. काठावरच्या इंजिनातून निघालेला काळा सक्शन पाइप पाण्यापर्यंत अगदी शहाण्यासारखा यायचा. पाण्यात शिरला की मोडल्यासारखा तिरका दिसायचा, हिरवा पडायचा, अंगावरचं शेवाळ हलायला लागायचं आणि मग दिसेनासा व्हायचा. त्याच्या टोकाला कुठंतरी खाली फुटबॉल असायचा. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, पाइपच्या तोंडाशी भोकाभोकांच्या जाळीची एक झडप बसवतात, तिला शेतकरी फुटबॉल म्हणतो. तिचं काम एकच, आत आलेलं परत जाऊ द्यायचं नाही. ही माहिती मला फार लहान वयात मिळाली.

पुढे शाळेत गुरुजींनी प्रकाशाचं अपवर्तन शिकवलं. वरून पाहिलं तर चार फूट खोल असलेली वस्तू तीन फुटांवरच आहे असं वाटतं, म्हणाले. म्हणजे ती दिसते त्याहून लांब असते, असा धीर देण्याचाच त्यांचा हेतू असावा. मी त्यातून एवढंच घेतलं की ती जवळ येऊ शकते.

बरीच वर्षं मला वाटायचं, हे खूळ जगात एकट्याला आहे. मग बेंगळुरूच्या भाच्याने शोधून काढलं की याला सबमेकॅनोफोबिया म्हणतात आणि देशोदेशीची माणसं त्याने बेजार आहेत. डॉक्टरांच्या यादीत त्याचं स्वतंत्र खातं नाही. उंची, साप, इंजेक्शन यांच्या भीतीबरोबर एकाच मोठ्या खात्यात तेही जमा धरतात. मला बरं वाटलं. त्या आनंदात भाच्याने मला टायटॅनिकचे फोटो पाठवले. 1912 मध्ये बुडालेलं, 1985 मध्ये सापडलेलं, अंधारात पुढे आलेली ती नाळ, म्हणजे जहाजाचं टोक, आणि तिच्यावरून लोंबणाऱ्या गंजाच्या जटा. रात्री दिवा लावून बसलो.

"मामा, ते अटलांटिकमध्ये आहे. पावणेचार किलोमीटर खाली. बेळगावला येत नाही," भाचा म्हणाला.

"मग मोबाइलमध्ये कसं आलं?"

यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

या भीतीत मला तरी बराच शहाणपणा दिसतो. पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी शोषला जातो, त्यामुळे थोडं खोल गेलं की लालभडक वस्तूही काळपट दिसते. म्हणजे ओळखीची गोष्ट अनोळखी होते, हा काही मनाचा खेळ नाही. आणि धरणाच्या तोंडाशी, पोहण्याच्या तलावाच्या तळाशी जी जाळी असते, तिला पाण्याचा असा ओढा असतो की तिथे चिकटून कसलेले पाणबुडेसुद्धा दगावले आहेत. फुटबॉलबद्दलचं माझं मत लहानपणापासून बरोबरच होतं.

आता तुम्ही म्हणाल, बेळगावला समुद्र नाही, मग तुम्हाला कसला त्रास? आमचा समुद्र गोव्यात ठेवलेला असतो. सुट्टी लागली की चोर्ला घाट उतरून अख्खं बेळगाव तिकडे. लग्नानंतर मीही गेलो, कांदोळीला. तिथे 2000 साली रिव्हर प्रिन्सेस नावाचं भलंमोठं जहाज किनाऱ्याजवळ रुतलं होतं आणि पुढे दहा वर्षांहून जास्त काळ तिथंच होतं. अर्धं वर, अर्धं खाली. बायको लाटांत हात हलवून बोलावत होती आणि मी वाळूत उभा राहून त्या खालच्या अर्ध्याचा विचार करत होतो. "मला उन्हाचा त्रास होतो," असं मी सांगितलं. ती थाप अजून चालू आहे. घरात माझ्यासाठी वेगळी छत्री असते.

पण गोवा टाळता येतं. इथला पावसाळा टाळता येत नाही. जुलैमध्ये घाटावर जोर धरला की दूधगंगा, वेदगंगा, कृष्णा सगळ्या फुगतात आणि चिकोडी-निपाणी भागातले पूल-बंधारे पाण्याखाली जातात. कारदगा-भोज, सिदनाळ-अक्कोळ, जत्राट-भिवशी, कल्लोळ-येडूर, ही नावं पेपरात दर वर्षी त्याच क्रमाने येतात, शाळेतल्या हजेरीसारखी. बाकीच्यांना प्रश्न पडतो तो वळसा किती पडणार याचा. मला काठावर गेल्यावर तो रस्ता दिसतो. चांगला डांबरी रस्ता, कडेला पांढरा पट्टा, वेगमर्यादेची पाटी, आणि तो सरळ चहाच्या रंगाच्या पाण्यात चालत जातो. मध्ये कठड्याचे दोन-चार खांब डोकी वर काढून. लोक तिथे सेल्फी काढतात. कर्जदार पलीकडच्या गावचा असला की त्या महिन्यात वसुली होत नाही. साहेबांना वाटतं पुरामुळे. पूर ओसरून पूल मोकळा झाल्यावरही मी आठवडाभर लांबून जातो, कारण जे काल खाली होतं त्याच्यावरून आज गाडी घालायची म्हणजे जरा अतिच होतं.

यावर मानसोपचारात उपाय आहे. ज्याची भीती त्याला थोडं थोडं, पायरीपायरीने सामोरं जायचं. आधी चित्र, मग लांबून दर्शन, मग जवळून. ही गोष्ट भाच्याने माझ्या हुक्केरीच्या मेव्हण्याला सांगितली. मेव्हण्याने मधल्या पायऱ्या गाळल्या.

घटप्रभेवरचं हिडकल धरण, कागदोपत्री राजा लखमगौडा जलाशय, 51 टीएमसीचं. त्याच्या पाण्यात हुन्नूरचं विठ्ठल मंदिर आहे. धरण भरलेलं असताना ते दिसत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरत गेलं की आधी शिखर वर येतं, मग हळूहळू बाकीचं, आणि माणसं दर्शनाला लोटतात. पाणी पुरतं हटल्यावर गेलो असतो तर माझी काही हरकत नव्हती. ते मग फक्त एक दगडी देऊळ. पण मेव्हण्याला दम नाही. शिखर दिसायला लागल्याचं कळताच त्याने गाडी काढली, मासे धरणाऱ्या ओळखीच्या माणसाची होडी ठरवली आणि बायको, मुलं, डब्यातल्या धपाट्यांसकट आम्ही काठावर.

"दाजी, चला की. विठ्ठलाचं देऊळ हाय, भुताचं न्हवं."

"मी इथूनच हात जोडतो."

"अंजबॅडरी, बर्री," होडीवाला म्हणाला. भिऊ नका, या. सीमाभागात राहण्याचा हा तोटा, माणसाला दोन भाषांतून धीर देतात. एका भाषेत नाही म्हणेपर्यंत दुसरीत होडीत बसवलेलं असतं.

शिखर जवळ येत गेलं. त्याच्यावर गाळाच्या रेघा होत्या, एकावर एक, पाणी कुठवर होतं त्याच्या. एका खाचेत पाणकावळा पंख पसरून वाळत बसला होता. इथपर्यंत मी वरच बघत होतो. मग मेव्हण्याचा पोरगा होडीच्या कडेवरून वाकून ओरडला, "आत्तोबा, खाली बघा, खांब!"

मी बघितलं नाही. मी धपाट्यांचा डबा उघडून त्यात बघत राहिलो. तेवढ्यात होडीच्या बुडाला खालून काहीतरी लागलं. टक्. फार मोठा आवाज नव्हता. दारावर ओळखीच्या माणसाने बोट वाजवावं, तेवढाच. होडीवाला सहज म्हणाला, देवळाचं छत असेल. पुढचं मला नीट आठवत नाही. बायकोच्या म्हणण्याप्रमाणे मी "पुंडलिक वरदे" एवढ्या जोरात म्हटलं की काठावरच्या माणसांनी "हारि विठ्ठल" दिलं. परतल्यावर मेव्हण्याने सगळ्या पाहुण्यांना फोन करून कळवलं की दाजींची भीती गेली, आता भक्तीला लागलेत.

हे इथं संपायला हरकत नव्हती. पण बेळगावला पिण्याचं पाणी राकसकोप आणि हिडकल अशा दोन ठिकाणांहून येतं, हे मला ठाऊक असूनही मी मनातून बाजूला ठेवलं होतं. बायकोने ते बाजूला राहू दिलं नाही.

"अहो, म्हणजे आपल्या संपात येतं ते विठ्ठलाच्या पायावरनं आलेलं पाणी. तीर्थच की."

संप म्हणजे अंगणात जमिनीखाली बांधलेली टाकी. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे प्रत्येक घराला स्वतःचं छोटं हिडकल असतं. वर लोखंडी झाकण, आत काळोख, तळाशी पाण्यात बसलेली मोटर. मी रोज त्या झाकणाला वळसा घालून गाडी काढतो. परवा मोटर चालू होती, पण वरची टाकी भरेना.

"आवाज मारालाय, खरं पाणी चढंना झालंय न्हवं?" शेजारचे अण्णा कंपाउंडवरून म्हणाले. "जाळीला कायतरी बसलंय बघा."

प्लंबर म्हणाला उद्या येतो. उद्याही तेच म्हणाला. शेवटी बायकोने मेन स्विच काढला, झाकण उघडलं आणि मोटरला बांधलेली निळी नायलॉनची दोरी माझ्या हातात दिली. "ओढा. मी बॅटरी धरते."

मी तोंड वळवून, तुळशीकडे बघत ओढायला लागलो. दोरी आधी ढिली आली, मग ताठ झाली. खाली काहीतरी कलंडलं आणि निघालं. वजनदार, संथ, भिंतीला घासत. आपण स्वतः त्याला वर बोलावतोय, हा विचार मी त्या वेळी केला नसता तर बरं झालं असतं. पाण्यातून सुटल्यावर वजन एकदम वाढलं, मी शेवटचा हिसका दिला, मोटर फरशीवर आली आणि मी बघितलं.

तिच्या जाळीतून एक हात बाहेर आला होता.

छोटा, गुलाबी, पाच बोटांचा. मी काय म्हणालो ते इथं लिहिता येणार नाही, या वेळी पुंडलिक नव्हता. बायकोने तो हात उपटून पदराला पुसला. "अगंबाई, चिंगीची बाहुली! उन्हाळ्यात सगळं घर पालथं घातलं हिच्यासाठी."

अण्णांनी कंपाउंडवरून मान लांब केली. "हात घावला, खरं बाकीची बाहुली कुठाय?"

बायकोने बॅटरी पुन्हा संपात मारली. मी तिला ती बंद करायला लावली, मोटर खाली सोडली, झाकण बसवलं आणि तुळशीची मोठी कुंडी ओढून झाकणावर ठेवली. बायको म्हणते, पुढच्या वेळी पाणी चढेना झालं तर ही कुंडी कोण हलवणार? कुंडी हलवायला माझी काही हरकत नाही.