सॉकेटचा नंबर जुळला म्हणजे प्रोसेसर चालेलच असं नाही

आमच्या फोंड्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. ‘जुना कॉम्प्युटर मोडीत काढू नका. मदरबोर्डच्या सॉकेटचा नंबर बघा, त्याच नंबरचा सगळ्यात मोठा सेकंडहँड प्रोसेसर आणा, जुना काढून तो बसवा. दहा मिनिटांचं काम. विंडोज ११ पण चालेल.’ मदरबोर्ड म्हणजे कॉम्प्युटरची मुख्य पाटी, आणि सॉकेट म्हणजे तिच्यावरची प्रोसेसर बसवायची जागा. मेसेजमधलं पहिलं वाक्य मला मनापासून पटतं. पुढच्या वाक्यांवर विश्वास ठेवून मात्र लोकांचे पैसे बुडताहेत, म्हणून हे लिहितो आहे.

साखळीला राहणाऱ्या माझ्या भाच्याने गणेश चवथीच्या आधी साठवलेल्या पैशांतून आय७-८७०० हा इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर आणला. त्याच्या बोर्डावर एच११० चिपसेट (प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणारी चिप), आत सहाव्या पिढीचा आय३-६१००. प्रोसेसर सॉकेटात नीट बसला, पंखा फिरला, पडदा काळाच. ‘मामा, दोन्हीकडे ११५१च लिहिलंय ना?’ लिहिलेलं खरंच होतं. पण इंटेलने २०१५ च्या सहाव्या आणि पुढच्या सातव्या पिढीसाठी हा सॉकेट वापरला, आणि २०१७ च्या अखेरीस आठव्या पिढीला तोच आकार ठेवून पिनांची कामं बदलली. वीज पुरवणाऱ्या पिना १२८ होत्या त्या १४६ झाल्या. त्यामुळे आठव्या-नवव्या पिढीला ३०० मालिकेचाच चिपसेट लागतो, आणि एच११० आहे १०० मालिकेचा. काही हौशी मंडळी पिना झाकून, बायोसमध्ये (बोर्ड सुरू करणाऱ्या, त्याच्याच चिपवरच्या प्रोग्राममध्ये) फेरफार करून जुन्या बोर्डावर हे प्रोसेसर चालवतात. घरात एकच कॉम्प्युटर असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

मग ‘सगळ्यात मोठा’ म्हणून सातव्या पिढीचा आय७-७७००के आणावा का? नावातला ‘के’ म्हणजे ओव्हरक्लॉकिंग करता येणारा, ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवता येणारा. एच११० वर ते होत नाही, म्हणजे ‘के’साठी मोजलेले जास्तीचे पैसे बहुतांशी वाया. आय३-६१०० ची उष्णतेची मर्यादा ५१ वॅट, ७७००के ची ९१, आणि त्याच्या डब्यात कूलरही येत नाही. साधा ७७०० हा ६५ वॅटचा आहे. स्वस्त बोर्डावर मला तोच योग्य वाटतो.

‘दहा मिनिटांचं काम’ हे सगळ्यात घातक वाक्य. २०१६ मध्ये घेतलेल्या बोर्डाला बहुतेकदा सातवी पिढी माहीतच नसते. आधी बायोस अपडेट करावं लागतं, आणि तेही जुना प्रोसेसर आत असतानाच. लोक जुना प्रोसेसर विकून ते पैसे नव्यात घालतात आणि मग अडकतात. शिवाय बायोस लिहिलं जात असताना वीज गेली तर बोर्ड सुरूच होत नाही, अशी वेळ येऊ शकते. आपल्याकडे जून-जुलैत वीज दिवसातून कितीदा येते-जाते ते मी सांगायला नको. यूपीएस नसेल, किंवा त्याची बॅटरी दोन मिनिटांत मान टाकत असेल, तर पावसाळ्यात या कामाला हात घालू नका.

एएमडी या दुसऱ्या कंपनीचे प्रोसेसर वापरणाऱ्यांना वाटतं, आपला एएम४ सॉकेट एकच, आपल्याला ही कटकट नाही. त्यांच्यापुढेही अडचणी आहेतच. सुरुवातीच्या ए३२० आणि बी३५० चिपसेटच्या बोर्डांना एएमडीच्या रायझन ५००० मालिकेतल्या प्रोसेसरांचा अधिकृत आधार २०२२ मध्ये बायोसमधून मिळाला, तोही प्रत्येक बोर्डाला नव्हे. बायोसच्या चिपमध्ये जागा कमी, म्हणून काही कंपन्यांनी नवे प्रोसेसर घालताना जुने वगळले. अशा बोर्डावर अपडेटनंतर जुना प्रोसेसर पुन्हा चालेल याची खात्री नसते. याच मालिकेतल्या ५६००जी मध्ये ग्राफिक्स (पडद्यावर चित्र दाखवणारा भाग) आहे, ५६०० मध्ये नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर ५६०० बसवून बोर्डाच्या एचडीएमआयवर काहीच दिसणार नाही. नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या इंटेलच्या प्रोसेसरांचंही तेच. आणि एएम४ चा कूलर थंड असताना सरळ वर ओढू नका. सुकलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरही बाहेर येतो आणि त्याच्या पिना वाकतात. आधी कॉम्प्युटर थोडा वेळ चालवून गरम करा, मग बंद करून प्लग काढा आणि कूलर हळूच फिरवत सोडवा.

विंडोज ११ चं थोडक्यात. मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलची आठवी पिढी आणि त्यापुढचे प्रोसेसर आहेत, सातव्यातले मोजके अपवाद. म्हणजे एच११० वर अधिकृतपणे चालणारा आय७-७७०० बसवला तरी यादीत जागा नाही. विंडोज १० ची नेहमीची मोफत मदत (सुरक्षेची अपडेटं) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, त्यामुळे मेसेजमधल्या ‘विंडोज ११ पण चालेल’ या एका वाक्यापायी पैसे घालणारे बरेच असतील.

खरेदीआधी विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून एमएसइन्फो३२ टाइप करा. तिथे बेसबोर्डचं मॉडेल दिसतं. बोर्डावर छापलेला रिव्हिजन नंबरही (त्या मॉडेलची आवृत्ती) बघा. मग बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलची प्रोसेसरांची यादी उघडा. प्रत्येक प्रोसेसरसमोर किमान कोणतं बायोस हवं ते लिहिलेलं असतं. तिथे नाव नसेल तर दुकानदार काहीही म्हणो, घेऊ नका.

भाच्याच्या कॉम्प्युटरमध्ये आम्ही जुना आय३ परत घातला. त्यात चार जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क होती. रॅम आठ केली, डिस्कच्या जागी एसएसडी (तिच्याहून वेगवान साठवण) लावली, आणि त्याचं कॉलेजचं काम आता अडत नाही. आय७-८७०० डब्यात ठेवला आहे. तो विंडोज ११ च्या यादीत आहे आणि भाच्याच्या कॉम्प्युटरमधली डीडीआर४ प्रकारची रॅमही उपयोगी पडेल, म्हणून ३०० मालिकेचा चालू बोर्ड शोधतो आहोत. या वेळी यादी आधी उघडली आहे.