‘कोच ही निव्वळ सबब’? ब्राइस यंगचा पहिला हंगाम नीट बघा

शार्लटला राहणाऱ्या माझ्या दादाने काल एक फॉरवर्ड पाठवला. नुसता मला नाही, स्वतःच्या सोळा वर्षांच्या मुलालाही. पोरगा शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात क्वार्टरबॅक (चेंडू फेकून संघाचा हल्ला चालवणारा खेळाडू) आहे आणि यंदा त्याचे सामने वाईट गेलेत. फॉरवर्डचं म्हणणं असं: कॅरोलायना पँथर्स या व्यावसायिक संघाचा क्वार्टरबॅक ब्राइस यंग बुटका आहे, अस्सल खेळाडू पहिल्याच वर्षी चमकतो, बाकावर बसवलं तिथेच तो संपला, आणि कोचला दोष देणं ही निव्वळ सबब.

उंचीचं खरं आहे. पाच फूट दहा इंच, या जागेसाठी कमीच. पण 2023 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेरीत, पँथर्सनी त्याला सर्वांत आधी निवडलं, तेव्हाही ती तेवढीच होती!

संताप आला तो त्या ‘सबब’ शब्दाचा. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक मनाला येईल ती चाल खेळत नाही. चाल ठरते कोचांकडे, ती हेल्मेटमधल्या स्पीकरवरून त्याच्या कानात पडते. यंगच्या पहिल्याच हंगामात ही चाल ठरवणारा माणूस किती वेळा बदलला? सुरुवातीला मुख्य कोच फ्रँक राइक. संघ सहाच्या सहा सामने हरल्यावर त्यांनी हे काम सहायक कोच थॉमस ब्राउनकडे सोपवलं. तीन सामन्यांनी ते परत घेतलं. नोव्हेंबरअखेर राइक यांचीच हकालपट्टी झाली आणि काम पुन्हा ब्राउनकडे. बावीस वर्षांच्या मुलाने यातून काय शिकायचं होतं? त्या हंगामात तो 62 वेळा सॅक झाला, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच प्रतिस्पर्ध्यांनी त्याला पाडलं. त्यातल्या काही वेळा त्यानेच चेंडू फार वेळ हातात धरला, हे कबूल. पण सगळ्याच्या सगळ्या 62 वेळा?

‘पहिल्याच वर्षी चमकतो’ म्हणणाऱ्यांनी क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ आठवावा. 2016 च्या ड्राफ्टमध्ये तोही पहिलाच. त्या वर्षी रॅम्स संघाकडून सात सामन्यांत सुरुवातीपासून खेळला, सातही हरला. 5 टचडाउन पास (ज्यांवर थेट गुण मिळाले), 7 इंटरसेप्शन (फेकलेला चेंडू प्रतिस्पर्ध्यांनी झेलला). कोच जेफ फिशर गेले, शॉन मॅकव्हे आले, आणि 2017 मध्ये त्याच गॉफचे 28 टचडाउन पास, इंटरसेप्शन 7. लीगमध्ये सर्वांत कमी गुण करणारा संघ वर्षभरात सर्वाधिक गुण करणारा झाला. मान्य, नवे खेळाडूही आले होते, आणि पुढे मॅकव्हेंच्याच काळात रॅम्सनी गॉफला डेट्रॉइटच्या संघाकडे धाडलं. तरी 2016 बघून त्याला मोडीत काढणारे चुकलेच ना?

राहिला बाक. पँथर्सचे नवे कोच डेव्ह कॅनालेस यांनी 2024 मध्ये दोनच सामन्यांनंतर यंगला बसवलं. ऑक्टोबरअखेर तो मैदानात परतला, आणि हंगामाच्या शेवटच्या सामन्यात अटलांटाविरुद्ध तीन टचडाउन पास देऊन, दोन टचडाउन स्वतः धावून 44-38 असा जिंकून आला. संपलेला माणूस असं खेळतो?

दादा, तो फॉरवर्ड तू पोराला पाठवलास, तसं हेही पाठव. आणि त्याला यंदा चाली कोण सांगत होतं, तेही एकदा विचार.