होतकरू मावशीला चार शब्द

मिशी काढलीत? छान. निम्मी कारकीर्द तिथेच झाली, उरलेली साडीवर भागेल. मराठी माणसाला हसवण्याचा याहून खात्रीचा मार्ग अजून निघालेला नाही. गालावर दाढीची निळसर झाक असलेला बाप्या पदर सावरत एंट्री घेतो आणि तोंड उघडण्याआधीच पहिला हशा वसूल होतो. तेव्हा चांगल्या संवादांसाठी लेखकाच्या मागे लागू नका. तुम्ही साडीत आहात हे कळल्यापासून तो निवांत आहे. तुम्हीही राहा.

साडी मात्र वाईट नेसा. निऱ्या एकीकडे कललेल्या, पदर गळ्यात, आणि चालताना पोटऱ्या दिसल्याच पाहिजेत. नीट नेसलात तर पंचाईत होते, कारण लोक हसायचे थांबतात आणि बघायला लागतात. नारायण श्रीपाद राजहंस नावाच्या गृहस्थांनी हा घोळ घालून ठेवला होता. त्यांचं नेसणं, त्यांचे दागिने, त्यांची केशरचना पाहून चांगल्या घरच्या बायका तसं नटू लागल्या. लोक त्यांना बालगंधर्व म्हणाले, सरकारने १९६४ मध्ये पद्मभूषण दिलं, पुण्याने त्यांच्या नावाचं रंगमंदिर बांधलं. मोह होईल, पण तिकडे वळू नका. तिथे गळा लागतो, खरे शालू लागतात आणि वर कर्जही होतं. शिवाय एक बारीक गोष्ट आत्ताच समजून घ्या. संगीत नाटकात पुरुष बाई झाला की ती अभिजात कला, तमाशाच्या फडात झाला की नाच्या. लुगडं दोन्हीकडे लुगडंच. फरक समोर कोण बसलंय याचा.

तमाशाचा विषय निघालाच आहे तर तिथल्या मावशीचंही सांगतो. गण, म्हणजे सुरुवातीचं गणपतीचं स्तवन, संपला की गवळण सुरू होते. गवळणी दूध-लोणी घेऊन मथुरेच्या बाजाराला निघतात, सोबत मावशी. वाटेत कृष्ण आणि त्याचा सवंगडी पेंद्या आडवे येतात. डोक्यावरून पदर घेतलेली मावशी कंबरेवर हात ठेवून साक्षात देवाची हजेरी घेते. ही भूमिका पिढ्यान्‌पिढ्या पुरुष करत आले, आणि गंमत अशी की मावशी बाप्या आहे यावर तिथे फारसं कुणी हसत नाही. हसतात ते तिच्या जिभेला. गावात कोणाचं काय चाललंय, पुढाऱ्याने कुठे हात मारला, हे सगळं ती द्वापरयुगात उभी राहून बोलते. त्यासाठी गाव कळावं लागतं, रोज नवं सुचावं लागतं, पेंद्याचं वाक्य खाली पडू न देता परतवावं लागतं. एवढे कष्ट करायचे तर माणसाने सरळ वकिली करावी. तुम्ही मावशीची कंबर तेवढी उचला, जीभ तिथेच राहू द्या.

दुसरी अडचण विजय चव्हाण. १८९२ च्या ‘चार्लीज आंट’ या इंग्रजी प्रहसनावरून अत्र्यांनी ‘मोरूची मावशी’ लिहिलं आणि पुढे चव्हाणांनी त्या मावशीचं काय केलं ते महाराष्ट्राला पाठ आहे. फुगड्या घातल्या, ‘टांग टिंग टिंगा’वर थिएटर नाचवलं, पण मावशीची टर काही उडवली नाही. मावशी आपल्या रुबाबात राहिली आणि फजिती झाली ती तिच्यावर भाळणाऱ्या म्हाताऱ्यांची. परिणाम काय झाला? नाटक-सिनेमांत इन्स्पेक्टर, सासरे, सरपंच, वाट्टेल ते करूनही २०१८ मध्ये ते गेले तेव्हा लोक हळहळले ते मावशी गेली म्हणून. प्रहसनात जीव ओतला की असं होतं.

‘अशी ही बनवाबनवी’ही डोक्यातून काढून टाका. १९८८ च्या त्या सिनेमात सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे साडी नेसतात, कारण घर मिळत नसतं आणि घरमालकीण जोडप्यांनाच ठेवून घेणार असते. भाड्याच्या खोलीपायी माणूस काय काय नेसेल हे सगळ्या महाराष्ट्राला आतून ठाऊक होतं, म्हणून तो विनोद जुना होत नाही. तुम्ही कारणाच्या भानगडीत पडू नका. टीव्हीच्या स्किटमध्ये कारण बसत नाही. बसतं ते एवढंच: बाई जाडी आहे, बाई काळी आहे, बाईचं लग्न जमत नाही. सिनेमाच्या प्रमोशनला देखणा नट आला की त्याच्या गळ्यात पडा आणि त्याला दचकू द्या. दर आठवड्याला नट नवा, दचकणं तेच. शेजारी एखादी चांगली विनोदी नटी उभी असेल तर तिला वहिनी करून चहा आणायला पाठवा. बाईने बाई केली तर त्यात हसण्यासारखं काय, असं चॅनेलचं मत आहे. (बाईने बाप्या केला तर? प्रयोगशील म्हणून एकदा टाळ्या, आणि पुढच्या भागात पुन्हा चहा.)

आता घरचं. कोल्हापूरच्या गणपत पाटलांनी तमाशापटांतला नाच्या असा बेमालूम रंगवला की ‘आत्ता गं बया’ एवढ्यावर थिएटर डोक्यावर घेतलं जायचं. मग लोकांनी परस्पर ठरवून टाकलं की हा माणूस मुळातच तसला असणार. बायको-मुलांचा संसार असलेला गृहस्थ, पण पडद्यावरची टिंगल त्यांच्या मागोमाग घरापर्यंत आली, मुलाबाळांच्या सोयरिकींत आडवी आली. निर्माते मात्र फेटा न देता पुन्हा पुन्हा तेच मुरके मागत राहिले. २००८ मध्ये ते गेले. २०१० मध्ये आनंद यादवांच्या कादंबरीवरचा ‘नटरंग’ आला, आणि नाच्या व्हावं लागलेल्या पिळदार अंगाच्या गड्याची परवड बघून हाच महाराष्ट्र अंधारात डोळे पुसत बसला. आपल्याकडे सहानुभूती दाखवली जाते, पण तिकीट काढून, आणि शक्यतो माणूस गेल्यावर.

म्हणून तुम्ही आधीच बंदोबस्त करून ठेवा. प्रत्येक मुलाखतीत पहिलं वाक्य ‘मी अगदी कुटुंबवत्सल आहे’ असं पाहिजे, मग प्रश्न हवामानाबद्दल असला तरी चालेल. सुट्टीत मिशी वाढवा. बुलेटवर बसून फोटो टाका. बायकोला शेजारी बसवून ‘साडी माझ्यापेक्षा यांना शोभते’ हे तिच्याकडून हसत हसत वदवून घ्या. बिचारी हजारदा म्हणेल.

ऑस्ट्रेलियाच्या बॅरी हम्फ्रीज यांनी याहून नामी तोडगा काढला होता. १९५५ मध्ये त्यांनी मेलबर्नची एक गृहिणी रंगमंचावर उभी केली, एडना एव्हरेज. जांभळे केस, पंख फुटलेला चष्मा आणि समोरच्याचा हसत हसत पाणउतारा करणारं तोंड. ही एडना हम्फ्रीजना आपला मॅनेजर म्हणायची आणि त्यांच्याबद्दल चारचौघांत कुरकुर करायची. माणूस वेगळा, बाई वेगळी, कोणी कोणाच्या घरी जायचं नाही. १९७४ च्या एका चित्रपटात तर खुद्द पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनी पडद्यावर येऊन तिला ‘डेम’ किताब दिला. २०२३ मध्ये हम्फ्रीज वारले तोवर बाईंचा तोरा उतरला नव्हता. आपल्याकडे हे जपून करा. पंतप्रधान राहू द्या, वॉर्डातला नगरसेवकसुद्धा तुमच्याबरोबर फोटो काढताना मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवेल.

हल्ली मुंबईतल्या काही क्लबांत तरुण मुलं ड्रॅग करतात, म्हणजे बाईच्या थाटात नटून कार्यक्रम करतात. त्यांच्यापासून चार हात लांबच बरे. ती मेकअपला तासन्‌तास बसतात, नेसतात झकास, स्वतःचं स्वतः लिहितात आणि टर उडवतात ती लग्नाळू मामा-काकांची. साडी कोणाला तरी मनापासून आवडू शकते हे एकदा प्रेक्षकांच्या लक्षात आलं, तर तुमच्या कललेल्या निऱ्यांना कोण हसणार? तसं ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञानांच्या संमतीने होणाऱ्या समलैंगिक संबंधांवरचा कलम ३७७ चा शिक्का पुसला. साडी नेसण्याशी त्याचा थेट संबंध नाही, पण लोक जोडतातच. आणि काका-मामांच्या खंडपीठाने निकाल अजून राखून ठेवला आहे.

राहिला पैसा. साडीतल्या कामाची नाइट, म्हणजे दर प्रयोगाचं मानधन, जास्त मागा. आढेवेढे घेतील, पण देतील, कारण कार्यक्रम तुमच्याच एंट्रीवर विकलेला असतो. सोसायटीच्या गणपतीत मात्र फुकट नाचवतील, कारण तिथे तुम्ही ‘आपला माणूस’. नंबर शेवटचा, टाळ्या सगळ्यांत जास्त. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये कोणीतरी तुमच्या मुलाला हसत विचारेल, ‘काय रे, बाबा घरीपण साडी नेसतात का?’ पोराला उत्तर आधीच पाठ करून द्या: ‘नेसतात ना काका, पण त्याची नाइट वेगळी पडेल.’