आधी रनिंग बॅक घ्या, सातत्य मग मोजू

ऑगस्ट उजाडला की न्यूजर्सीतल्या बऱ्याच मराठी घरांत दोन गडबडी एकदम सुरू होतात, एक गणपतीची आणि दुसरी फँटसी फुटबॉलच्या ड्राफ्टची (अमेरिकन फुटबॉलचे खरे खेळाडू आपापसांत वाटून घ्यायचे तो ड्राफ्ट, आणि मग त्यांच्या खऱ्या खेळावर पॉइंट मोजून दर आठवड्याला एकेकाशी लढत लावायची तो हा खेळ), आणि दोन्हीकडे नियम एकच, उशीर केला की चांगली मूर्ती दुसराच घेऊन जातो. तुम्हाला यंदा ऑफिसातल्या लीगमध्ये पहिल्यांदाच घेतलं असेल, आणि कुणीतरी कॉफी मशीनपाशी तुम्हाला गंभीर चेहऱ्याने सांगितलं असेल की बाबा रे, रनिंग बॅक घेताना कॉन्सिस्टन्सी बघ. तुम्ही मान हलवली असेल. छान केलंत. आता ती कशी बघायची ते मी सांगतो, कारण बारा वर्षं बघतोय आणि त्यातली नऊ वर्षं लीगमध्ये खालून पहिल्या तिघांत आहे, एवढं सातत्य तुम्हाला दुसऱ्या कुणात मिळायचं नाही.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. रनिंग बॅक म्हणजे क्वार्टरबॅकच्या, म्हणजे पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या, हातून बॉल घेऊन समोर उभ्या असलेल्या सव्वाशे-दीडशे किलोच्या माणसांच्या भिंतीत डोकं घालणारा प्राणी. तो दहा यार्ड पळाला की तुम्हाला एक पॉइंट, टचडाऊन केला, म्हणजे बॉल घेऊन गोल लाइनपलीकडे गेला, की सहा, पास झेलला तर आमच्या लीगमध्ये दर कॅचचा एक, आणि बॉल सांडून दुसऱ्याला दिला तर उणे दोन. तुमच्या कामाचे आठवडे सतरा. पहिले चौदा लीगचे आणि शेवटचे तीन प्लेऑफचे, म्हणजे बाद फेरीचे. म्हणजे माणसाच्या अख्ख्या चारित्र्याचा निवाडा तुम्ही सतरा दुपारींवरून करणार आहात, सोयरीक जुळवताना तरी याच्यापेक्षा जास्त चौकशी करतात.

पहिली पायरी सगळ्यात महत्त्वाची, ती चुकली की सगळं चुकतं. आधी खेळाडू ठरवा, मग सातत्याची व्याख्या ठरवा. उलटं करू नका. उलटं केलं तर ज्या पोरावर तुमचं मन बसलंय तो यादीत अकरावा निघतो आणि मग यादी बदलायला पुन्हा सगळी रात्र घालवावी लागते.

उदाहरण घ्या. सिनसिनाटीचा जो मिक्सन, २०२२ चा सीझन. चौदा सामने खेळला, झेललेल्या पासांचे पॉइंट धरून सरासरी सुमारे सतरा. सतरा म्हणजे उत्तम, अशा माणसाला कोणीही डोळे झाकून टीममध्ये घेईल. पण वर्षभरात केलेल्या नऊ टचडाऊनपैकी पाच त्याने एकाच दिवशी केले, नोव्हेंबरात कॅरोलायनाविरुद्ध, ५५ पॉइंट. तो एक रविवार बाजूला ठेवला तर उरलेल्या तेरा सामन्यांची सरासरी येते चौदाच्या आसपास. आता बघा, मिक्सन तुमच्याकडे असेल तर तुम्ही सरासरीवाले. सतरा, बस, विषय संपला. मिक्सन शेजारच्या क्युबिकलवाल्याकडे असेल तर तुम्ही तडक मीडियनवाले, म्हणजे मधला आकडा बघणारे, व्हा आणि हळहळत म्हणा की एका दिवसाच्या पुरणपोळीवर वर्ष काढता येत नाही रे. आणि मिक्सन तुम्हाला विकायचा असेल तर त्या रविवारचा व्हिडिओ पाठवा, आकडे पाठवूच नका. त्या रविवारी तो ज्याच्या टीममध्ये होता त्याच्याशीच माझी लढत होती, त्यामुळे माझं मत विचारू नका.

आणखी एक पद्धत आहे, उंबरठ्याची. म्हणजे समजा बारा पॉइंटचा उंबरठा धरायचा आणि सतरापैकी किती आठवडे पोरगा तो ओलांडून आत आला ते मोजायचं. पद्धत चांगली आहे, मनापासून सांगतो, तिघींत तीच बरी. तिचा खरा उपयोग मात्र असा की उंबरठा तुम्हाला हलवता येतो. बारावर तुमचा माणूस नापास होत असेल तर साडेनऊवर आणा. साडेनऊच का म्हणून विचारलं तर म्हणा लीगच्या सेटिंगप्रमाणे ॲडजस्ट केलंय. पुढे कोणी विचारत नाही.

आता जखमा. इथे नवखे लोक फार घोळ घालतात, त्यांना वाटतं की जो माणूस खेळलाच नाही तो सातत्याचा नाही. अहो, सरासरी काढतात ती खेळलेल्या सामन्यांची! क्रिस्टियन मॅकॅफ्री बघा. २०१९ ला कॅरोलायनाकडून त्याने हजाराच्या वर यार्ड पळून आणि हजाराच्या वर यार्ड पास झेलून काढले, ११६ कॅच, १९ टचडाऊन, सोळा सामन्यांत दर सामन्याला २९ च्या वर पॉइंट. साहजिकच २०२० ला सगळ्या देशाने त्याला पहिला उचलला. त्या वर्षी तो तीन सामने खेळला. पण तिन्हीत झकास खेळला, म्हणजे सातत्य शंभर टक्के, पुढच्या वर्षी सात सामने, २०२३ ला सॅन फ्रान्सिस्कोकडून २१ टचडाऊन आणि मग २०२४, पुन्हा पहिला पिक, पहिलाच सामना सोमवारी रात्री आमच्या इथल्या जेट्सविरुद्ध आणि किकऑफच्या दीड तास आधी यादी आली की साहेब खेळत नाहीत. रविवारचे सगळे सामने होऊन गेलेले, बेंचवर बदली कोणी नाही. त्याच्या जागी जॉर्डन मेसन नावाचा मुलगा आला आणि १४७ यार्ड पळाला. मॅकॅफ्री त्या अख्ख्या वर्षात चार सामने खेळला. ही दीड तासाची यादी म्हणजे दहावीचा निकालच समजा, रविवारी सकाळी साडेअकराला लागते, त्या वेळी कुणाच्या बारशाला किंवा देवळात जायचं असेल तर फोन सायलेंटवर ठेवा पण खिशात नको, हातात ठेवा, आरतीचं ताट दुसऱ्या हातात घेता येतं.

टचडाऊनचं काय म्हणाल तर तो विषय निव्वळ नशिबाचा आहे, म्हणून त्यावरच सगळ्यात जास्त विश्वास ठेवा. पिट्सबर्गचा जेरोम बेटिस, २००४ चा पहिला सामना. पाच वेळा बॉल मिळाला, एकूण एक यार्ड. परत वाचा, एक यार्ड. आणि टचडाऊन तीन. मैदानभर बॉल वाहून आणला ड्यूस स्टेलीने, नव्वदच्या वर यार्ड, आणि दारात आल्यावर बेटिस आत गेला. फँटसीवाले याला गिधाड म्हणतात, दुसऱ्याने मारलेली शिकार खाणारा. अलीकडे फिलाडेल्फियाने यात मोठी प्रगती केली. सेक्वॉन बार्कली २०२४ ला २००५ यार्ड पळाला, एका सीझनमध्ये दोन हजारांच्या वर जाणारे आजवर नऊच झालेत, पण गोल लाइनच्या हातभर अलीकडे बॉल आला की क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स बॉल घेऊन वाकणार आणि मागून दोघंतिघं त्याच्या ढुंगणाला रेटा देऊन त्याला आत ढकलणार. आडवी दहीहंडी. हर्ट्सने त्या वर्षी पळून केलेले टचडाऊन चौदा, बार्कलीचे तेरा. थर लावायचे एकाने आणि हंडी फोडायची दुसऱ्याने, आणि फुटलेल्या हंडीचं दही तुमच्या टीमवर नाही पडलं तर बार्कलीत सातत्य नाही म्हणायला तुम्ही मोकळे.

तज्ज्ञ मंडळी तुम्हाला सांगतील की बेल काऊ शोधा. म्हणजे गळ्यात घंटा बांधलेली, कळपाच्या पुढे चालणारी गाय, सगळा भार ओढणारा एकच रनिंग बॅक. आपल्याकडे बैलगाडा शर्यतीला बैल बघायला जाणारे लोक जसे पाठीवर हात फिरवतात, खूर बघतात, तसं हे लोक स्नॅप काउंट, म्हणजे तो किती चालींना मैदानात होता ते, बघतात. हरकत नाही. फक्त कोच कोण आहे ते बघू नका, त्याने मूड जातो. डेन्व्हरला माइक शॅनाहन होता तेव्हा टेरेल डेव्हिस १९९८ ला दोन हजार यार्ड पळाला, जखमी झाला तर ओलँडिस गॅरी हजार पळाला, तो जखमी झाला तर पुढच्या वर्षी माइक अँडरसन जवळपास पंधराशे, मग क्लिंटन पोर्टिस पंधराशेच्या वर. घंटा तीच, गाय दरवर्षी वेगळी. तुम्ही घेणार गाय. घंटा ड्राफ्टमध्ये मिळत नाही.

आता माझा सगळ्यात लाडका माणूस. जोनस ग्रे. न्यू इंग्लंड पेट्रियट्स, नोव्हेंबर २०१४, इंडियानापोलिसविरुद्ध २०१ यार्ड आणि चार टचडाऊन. त्याच्या आधी त्याने एनएफएलमध्ये, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगमध्ये, एकही टचडाऊन केला नव्हता. त्या रात्री देशभरातल्या लोकांनी वेव्हरवर, म्हणजे कुणीच न घेतलेल्या खेळाडूंच्या लिलावात, आपलं उरलंसुरलं सगळं बजेट त्याच्यावर लावलं, शंभरातले सत्तर, ऐंशी, कोणी सगळेच, आणि मीही त्यातलाच, मी तर मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर त्याची सरासरीसुद्धा काढली होती. सरासरी उत्तम होती. शुक्रवारी ग्रे साहेब प्रॅक्टिसला उशिरा पोचले, कारण सकाळी अलार्म वाजला नाही. कोच शिस्तीचा कडक बिल बेलिचिक. पुढे सांगायची गरज आहे का? रविवारी डेट्रॉइटविरुद्ध एकदाही मैदानात पाय ठेवू दिला नाही. शून्य. सीझन संपला तेव्हा टचडाऊन एकूण पाच, त्यातले चार त्या एका रात्रीचे.

यावर आकडेवाले काय म्हणतील, सँपल साइझ लहान होती. बरोबर. पण राव, कुठल्या कॉलममध्ये लिहायचं हे? स्नॅप काउंट आहे, टार्गेट म्हणजे त्याच्याकडे फेकलेले पास आहेत, रेड झोनमधले म्हणजे गोल लाइनजवळचे टच आहेत, झोप नाही. तेव्हापासून मी माझ्या एक्सेलमध्ये एक कॉलम रिकामा ठेवलाय, त्याला नाव दिलंय 'इतर'.

एक्सेलवरून आठवलं. आमच्या आजोळी एक गृहस्थ होते, कल्याण मटक्याचे चार्ट वहीत उतरवून ठेवायचे, ओपन लाल शाईने, क्लोज निळ्या, वर्षानुवर्षं. त्यांचं म्हणणं होतं की आकडा कधी ना कधी स्वतःला दाखवतोच. ते कधी जिंकले नाहीत पण वही इतकी देखणी होती की लोक बघायला यायचे. तुमची शीट तशी करा. स्टँडर्ड डेव्हिएशन घाला, त्याला सरासरीने भागा, लाल-पिवळे-हिरवे रंग द्या. एखाद्याच्या मागच्या वर्षीच्या चढउतारावरून पुढच्या वर्षीचे चढउतार फारसे कळत नाहीत, आणि त्यातल्या त्यात टिकणारी गोष्ट काय तर दर आठवड्याला बॉल त्याच्या हातात किती वेळा येतो, विशेषतः पास किती वेळा त्याच्याकडे फेकतात, हे तुम्हाला कधीतरी जाणवेल. कुणाला सांगू नका. एका कॉलमात आटपणारं काम आहे म्हटल्यावर रात्री दीड वाजता लॅपटॉप उघडून बसायला घरी कारण काय देणार?

बेंचवरच्या माणसांचे पॉइंट मात्र बघूच नका, डॉक्टरांनी सांगितलंय समजा. सप्टेंबर २०२३, मायामीने डेन्व्हरला ७०-२० असं तुडवलं, त्यात डेव्हॉन एचॅन नावाच्या नवख्या पोराने २०३ यार्ड आणि चार टचडाऊन काढले, कॅच धरून ५१ पॉइंट. आदल्या आठवड्यात त्याला पळायला बॉल दिला होता एकदा. त्यामुळे शहाण्या माणसांनी त्याला बेंचवर ठेवलेलं, अतिशहाण्यांनी सोडून दिलेलं. मग सगळ्यांनी त्याला लावला, दोन आठवड्यांत गुडघा दुखावला आणि तो महिनाभर बाहेर.

आणि हे लोक तुमच्यासाठी पळत नाहीत हे कोणी तोंडावर सांगितलं तर वाईट वाटून घेऊ नका. २००७ च्या डिसेंबरात फिलाडेल्फियाचा ब्रायन वेस्टब्रूक डॅलसविरुद्ध मोकळा सुटला, समोर कोणी नाही, आणि एक यार्डावर थांबून गुडघा टेकला, कारण आघाडी होती आणि टचडाऊन केला असता तर बॉल परत डॅलसला मिळाला असता. टीम जिंकली. फँटसीचे प्लेऑफ चालू होते. त्या एका यार्डापायी किती जणांचं वर्ष गेलं असेल, वेस्टब्रूकचं मात्र सगळीकडे कौतुक झालं, हुशार खेळाडू म्हणून.

राहता राहिला ट्रेड, म्हणजे खेळाडूंची अदलाबदल. सातत्य हा शब्द खरा कामाला येतो तो इथेच. कुणाचा खेळाडू स्वस्तात हवा असेल तर त्याला फक्त एवढंच म्हणा की तुझा माणूस चांगलाय रे पण कॉन्सिस्टंट नाही, आणि गप्प बसा, दोन दिवसांत तोच ऑफर घेऊन येतो. माझ्यावर हा प्रयोग २०२० ला झाला. न्यू ऑर्लिन्सचा ॲल्विन कमारा माझ्याकडे होता, नोव्हेंबरात क्वार्टरबॅक ड्रू ब्रीझच्या बरगड्या मोडल्या, टेसम हिल आला आणि कमाराकडे जाणारे पासच आटले. आमच्या लीगमधला एक नागपूरचा मित्र रोज लंचला विचारायचा, काय रे, कमारा काय म्हणतो? मी एक्सेल उघडली, कमाराची अख्खी ओळ लाल. विकून टाकला, त्यालाच, आणि बदल्यात एक सातत्याचा माणूस घेतला, दर आठवड्याला न चुकता अकरा.

आमची फायनल नेमकी त्या मित्राशी पडली. २५ डिसेंबर, शुक्रवार दुपार, कोविडमुळे कुठे जाणं नाही, घरी बटाटेवडे. मिनेसोटाविरुद्ध कमाराने सहा टचडाऊन केले, एका सामन्यात सहा रशिंग टचडाऊन त्याआधी एकदाच झाले होते, १९२९ ला. ५६ पॉइंट. तिसऱ्या टचडाऊनला बायको म्हणाली, हा तुमचाच ना? मी म्हटलं होता. माझ्या सातत्याच्या माणसाने रविवारी अकराच दिले, त्याला बोल लावायला जागा नाही.