'फक्त मूळ पार्ट' म्हणे!

परत तेच. 'फक्त मूळ पार्ट' असं छातीठोक लिहून कुणीतरी कर्बल स्पेस प्रोग्रॅम ह्या रॉकेट बांधायच्या गेममधलं रॉकेट शेअर करतो. मी इथे देवगडात, पावसात लाईट गेलेली, मोबाइल खिडकीच्या गजाला टांगून हॉटस्पॉटवर ते उतरवतो, आणि उघडलं की समोर पाटी: पार्ट सापडत नाहीत.

अरे, मोड, म्हणजे गेमला बाहेरून जोडलेली भर, वापर ना! कोण अडवतंय? पण सांग तरी. क्राफ्ट फाइलीत, म्हणजे शेअर केलेल्या रॉकेटच्या फाइलीत, पार्टची नुसती नावं असतात. मोड माझ्याकडे नसेल तर इंजिन काय आभाळातून पडणार?

त्याहून डोकं फिरतं ते गुपचूप आकडे बदलणाऱ्यांमुळे. एकाच टप्प्यात, अर्धी टाकी राखून म्हणे 70 किलोमीटरच्या वर कक्षेत! माझ्याकडे तेच रॉकेट निम्म्यात गचकतं. गचकणारच. इंजिनाचा जोर ह्याने स्वतःच्या कॉम्प्युटरवर वाढवलाय, तो क्राफ्ट फाइलीबरोबर येत नाही.

आमच्याकडे कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत दिसला की बागायतदार हमरीतुमरीवर येतात. 2018 मध्ये हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते काय शोभेला? आणि इथे 'मोड वापरलाय' एवढे दोन शब्द टाइप करायला बोटं झिजतात काय रे, मेल्या?