कोपऱ्यातलं हवामान

गेल्या ऑक्टोबरात मी आमच्या पतसंस्थेचा हवामान खातेप्रमुख झालो. नेमणुकीचा ठराव नाही, भत्ता नाही, खुर्चीसुद्धा तीच जुनी. तरी रोज सकाळी काउंटरच्या जाळीतून कुणीतरी डोकं पुढं करायचं आणि विचारायचं, "भाऊसाहेब, आज काय म्हणतंय?" मी संगणकाच्या पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात बघून सांगायचो, "२९ अंश. ढगाळ." की तो माणूस बागेत औषध मारायचं का थांबायचं ते मनाशी ठरवत चप्पल घालायचा.

हे सगळं झालं ते माझ्या उजव्या हातामुळं. दुसऱ्या कुणाला बोल लावण्यात अर्थ नाही.

आमची पतसंस्था तासगाव तालुक्यातल्या एका गावात आहे. नाव सांगत नाही, कारण चेअरमन वाचतात. १९९९ साली तिथं पहिला संगणक आला, विंडोज ९८ घातलेला. तोवर कीर्द, खतावणी, तेरीज सगळं हातानं. मी नुकताच लागलेला क्लार्क, पण जवळ 'मराठी ३०, इंग्रजी ४०'ची टायपिंगची सर्टिफिकेटं होती. त्यामुळं यंत्र माझ्यापुढं ठेवलं गेलं आणि कॅशियर काकांना ते शिकवायचं कामही माझ्याच गळ्यात आलं. काकांची खतावणी म्हणजे मोत्याचे दाणे. पाच पैशांचा फरक निघाला तर रात्री जेवायचे नाहीत. पण माऊस हातात दिला की तो सरकवत सरकवत टेबलाच्या कडेपर्यंत न्यायचे आणि हताशपणे म्हणायचे, "टेबल संपलं रे."

"उचला आणि परत मागं ठेवा, काका."

"आणि मग तो बाण?"

"बाण राहतो तिथंच."

यावर काका माझ्याकडं असे बघायचे, की मी त्यांना रोख शिल्लक नसताना चेक वटवायला सांगतोय. दिवसातून वीसदा मी त्यांच्या खांद्यावरून ओरडायचो, "काका, स्टार्ट! खाली. डावीकडं. डावीकडं हो!" त्यातला शेवटचा 'हो' जरा वरच्या पट्टीत. यंत्र बंद करायलाही स्टार्टच दाबायचं म्हटल्यावर ते म्हणाले होते, "हे म्हणजे नावे आणि जमा एकाच बाजूला लिहिल्यागत झालं." मी हसलो होतो. वय होतं हसायचं.

तो स्टार्ट त्या कोपऱ्यात येऊन बसला २४ ऑगस्ट १९९५ रोजी, विंडोज ९५ बरोबर. पुढं विंडोज एक्सपी आलं, त्याबरोबर पडद्यावर ती हिरवीगार टेकडी आली. ती कॅलिफोर्नियातली, १९९६ साली फोटोत धरलेली. पण आमचे शिपाई मामा आजही छातीठोकपणे सांगतात, की ते पाटणकडचं पठार आहे आणि आपण तिथं म्हशी हिंडवल्यात. बटणाचा रंग बदलला, पुढं ते गोल झालं, त्यावरचं नावही गेलं. जागा मात्र सोडली नाही.

एकदाच सोडली होती. मुलगी इंजिनीअरिंगला गेली तेव्हा, २०१३च्या पावसाळ्यात, घरी लॅपटॉप घेतला. त्यात आदल्या वर्षी आलेलं विंडोज ८. उघडला तर पडदाभर रंगीत चौकोन. मला वाटलं, फरशीच्या दुकानातला सॅम्पल बोर्ड. एका चौकोनावरून डेस्कटॉप सापडला, पण कोपरा रिकामा. बटणच नाही. बंद कसा करायचा ते मला उमगेना, म्हणून मी झाकण लावून वर चादर टाकली. रात्री मुलीनं उजव्या कोपऱ्यात बाण नेऊन एक पट्टी बाहेर काढली, त्यात सेटिंग्ज, त्यात पॉवर, आणि म्हणाली, "एवढंच तर आहे, पप्पा." त्याच ऑक्टोबरात ८.१ मध्ये बटण परत आलं आणि २०१५च्या विंडोज १० मध्ये त्यावरचा मेनूही. बटण माहेरी जाऊन परत आलं, आता नांदेल, असं मी धरून चाललो. दहा वर्षं ते नांदलंही. माझ्या निवृत्तीला उरली होती जेमतेम तीन वर्षं.

गेल्या वर्षी २ ऑक्टोबरला, दसऱ्याला, आम्ही नेहमीप्रमाणं संगणकांची पूजा केली. पडद्यांना हळदकुंकू, डब्यांना झेंडूचे हार. त्यातल्या दोन पाकळ्या एका डब्याच्या पंख्यानं आत ओढल्या, तो प्रसाद समजून सोडून दिला. १४ ऑक्टोबरला विंडोज १०चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबणार होते. संगणकवाला म्हणाला, या जुन्या मशीनवर नवीन अकरा बसायचं नाही, प्रोसेसर जुना आहे आणि टीपीएम २.० पण नाही.

चेअरमननी भुवया वर केल्या. "टीपीएम? हा कधी लागू झाला? किती टक्के?"

ती सुरक्षेची चिप असते, कर नव्हे, हे कळल्यावर त्यांना इतकं हलकं वाटलं की पाच नव्या मशीनच्या ठरावावर त्यांनी तिथंच सही केली. वसुबारसेच्या आदल्या दिवशी मशीन आली. जुनी मशीन गळ्यात वाळक्या झेंडूसकट मागच्या खोलीत गेली. पंधरा दिवसांपूर्वी हात जोडलेले असल्यामुळं त्यांच्याकडं बघवेना.

दिवाळीच्या तोंडावर पतसंस्थेत काय असतं ते गेलेल्यालाच ठाऊक. भिशी फुटलेली, मुदतठेवी मोडायला आलेले, पिग्मी एजंट घामाघूम, रांग पायरीपर्यंत. मी नव्या पडद्यासमोर बसलो. मन अजून रांगेत होतं. हात आपला आपण निघाला आणि डाव्या कोपऱ्यात जाऊन टिचकी मारून मोकळा झाला. बैलाला गोठा दाखवावा लागत नाही.

डावीकडून अर्धा पडदा झाकणारी एक चादर वर आली. त्यात हवामान. त्याखाली क्रिकेट, शेअर बाजार, कुठल्या तरी नटीचं लग्न. मी चादर घालवली. हात परत गेला. परत हवामान. नंतर कळलं, टिचकीचीही गरज नाही, बाण तिथं नुसता रेंगाळला तरी चादर वर येते. अकरा वाजेपर्यंत मला हवामान नऊ वेळा कळलं होतं आणि कीर्द एकदाही उघडली नव्हती.

शेजारच्या टेबलावर आमची नवी क्लार्क असते. बी.कॉम., एमएस-सीआयटी, वय २३. बराच वेळ तिनं बघितलं. मग माझ्या खांद्यावरून आवाज आला, "काका, स्टार्ट मधे आहे. खाली. मधे. मधे हो!"

तो 'हो' मी ओळखला. पट्टीसुद्धा तीच.

रांगेत तिसऱ्या नंबरवर ठेवीचं व्याज न्यायला आलेले कॅशियर काका होते. आता ८४ वर्षांचे, पण कान शाबूत. ते काठीवर भार देऊन जाळीशी वाकले आणि हळूच म्हणाले, "टेबल संपलं का रे?"

रात्री पुण्याच्या भाच्याला फोन लावला. पडद्यावर कुठली वस्तू कुठं असावी हे ठरवायचा त्याला पगार मिळतो. त्यानं मला पॉल फिट्स नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा १९५४ सालचा नियम सांगितला. ज्याच्यावर हात न्यायचा ती वस्तू जितकी लांब आणि जितकी बारीक, तितका वेळ जास्त. हे आमच्या आईला फिट्सच्या आधीपासून माहीत होतं, म्हणून मिठाची बरणी चुलीशेजारी असे. पण कोपऱ्याची गंमत मला नवी होती. बाणाला पडद्याबाहेर जाता येत नाही, त्यामुळं कोपऱ्याकडं डोळे मिटून कसाही भिरकावला तरी तिथं जाऊन अडतोच. तिथं नेम धरावाच लागत नाही.

"मग हे माहीत असताना मधे का आणलं?"

"मामा, आता पडदे रुंद झालेत. मधला भाग नजरेसमोर येतो. आणि हल्ली लोक नाव टाइप करून शोधतात, बटणापर्यंत जातंय कोण?"

मी जातो, असं म्हणणार होतो. पण त्याच्याकडं कसलीशी मीटिंग होती.

बरं, मधे तर मधे. माणूस फाळणीनंतर सुद्धा नव्या गावात रुळला. पण हे मधलं बटण एका जागी बसत नाही. जसजशा खिडक्या उघडाव्यात तसतशी नवी चिन्हं उजवीकडं येऊन बसतात आणि सगळ्या रांगेबरोबर स्टार्टही डावीकडं सरकतो. एसटीच्या तिघांच्या बाकावर चौथा आला की खिडकीपाशी बसलेला कसा अंग चोरून सरकतो, तसं. सकाळी एक सॉफ्टवेअर उघडं असताना तो एका ठिकाणी, दुपारी कीर्द, पिग्मी, कॅल्क्युलेटर आणि चेअरमनचं भाषण उघडं असताना बोटभर अलीकडं. पुन्हा सगळं बंद केलं की गडी परत ऐसपैस.

उजव्या टिचकीची कथा फार लांबवत नाही. पूर्वी तिथं यादी यायची, तेरजेसारखी, वरून खाली वाचत जावं. आता कट, कॉपी, रिनेम, डिलीट ही सगळी मंडळी एका आडव्या ओळीत चिन्हं होऊन बसलीत आणि खाली मुंगीएवढी अक्षरं. माझा चष्मा दोन नंबरांचा, अक्षरं नेमकी दोन नंबरांच्या मधल्या रेघेवर येतात. ती ओळ यादीच्या वर असते म्हणावं, तर पडद्याच्या तळाशी टिचकी मारली की खाली येते. या गडबडीत मी लाभांशाच्या यादीला नवं नाव द्यायला गेलो आणि तिला केराच्या टोपलीत पाठवलं. पोरीनं ती बाहेर काढून दिली. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आणि या सगळ्या काळात हात कोपऱ्यात जातच होता. माझ्या तोंडून आपोआप "ढगाळ" निघायचं. ते पहिल्यांदा ऐकलं जाळीपलीकडच्या एका बागायतदारानं. आमच्याकडं सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षाची फळछाटणी असते. घड बाहेर पडताना पाऊस लागला की दावण्या, म्हणजे बुरशीचा रोग, आलाच, आणि दावण्या आला की वर्षाचं कर्ज डोक्यावर. अशा दिवसांत जो माणूस आभाळाबद्दल ठामपणे काही बोलेल, तो देव. दुसऱ्या दिवशी दोघं आले. चौथ्या दिवशी खात्याचं काही काम नसलेले पाच जण फक्त हवामानाला आले. मामांनी त्यांची वेगळी रांग लावली.

मलाही, खरं सांगायचं तर, बरं वाटत होतं. २६ वर्षं लोक मला शिल्लक विचारत आले. मत पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. मी जरा भर घालायला लागलो. "२८ अंश, पण उकाडा जाणवेल." "दुपारनंतर बघू." वगैरे.

भाऊबीजेनंतरच्या सोमवारी ती पोरगी माझ्या मागं येऊन उभी राहिली. "काका, हे वर गावाचं नाव वाचलंत का?"

चष्मा वर-खाली केला. बारीक अक्षरांत 'पुणे' लिहिलं होतं.

माझ्या पोटात खड्डा पडला. दहा दिवस अख्खा गाव पुण्याच्या आभाळावर औषध मारत होता. दुपारी मी धीर करून एका बागायतदाराला खरं सांगून टाकलं. त्यानं तंबाखू मळत विचार केला. "असू द्या की. बाकीचं सगळं पुण्यातनंच ठरतंय, पाऊस तेवढा कशाला वेगळा? सांगा, उद्याचं काय म्हणतंय?"

संध्याकाळी पोरीनं माझ्या हातातून माऊस घेतला. सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार, आणि तिथं अलाइनमेंटसमोर 'लेफ्ट'. स्टार्ट सुळकन डाव्या कोपऱ्यात जाऊन बसला. सगळं मिळून अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. हवामान तिथून उठून भलतीकडं गेलं.

"हे आधी का नाही केलंस, बाई?"

"तुम्ही म्हणालाच नाहीत. मला वाटलं, तुम्हाला हवामान आवडतं."

दुसऱ्या दिवशी साडेदहाला जाळीतून डोकं आलं. "भाऊसाहेब, काय म्हणतंय आज?"

हात निघाला, डाव्या कोपऱ्यात गेला, टिचकी वाजली. स्टार्ट मेनू उघडला. सव्वीस वर्षांच्या सवयीचा, माझा हक्काचा. मी त्याच्याकडं बघत राहिलो. बंद केला, पुन्हा टिचकी मारली. पुन्हा मेनूच.

"काय म्हणतंय?" मागचाही आता पुढं वाकला होता.

मी खुर्ची मागं सरकवली, उठलो आणि खिडकीतून बाहेर डोकावलो.

"ढगाळ," म्हटलं.