‘दहा मिनिटांत कॅन्सरचे निदान’ या संदेशाबाबत खुलासा

रक्ताचा थेंब सोन्याच्या पाण्यात टाकला की रंग बदलून दहा मिनिटांत कॅन्सर कळतो, असा जो संदेश फिरतो आहे, त्याचे मूळ ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या २०१८ मधील संशोधनात असले, तरी मजकूर दिशाभूल करणारा आहे. त्या चाचणीत रक्त नव्हे, तर त्यातून वेगळा काढलेला डीएनए सोन्याच्या नॅनोकणांच्या (अतिसूक्ष्म कणांच्या) गुलाबी द्रावणात मिसळतात. निरोगी पेशींच्या डीएनएने ते निळे पडते आणि कर्करोगाच्या डीएनएने गुलाबीच राहते, म्हणजे संदेशातले वर्णन नेमके उलटे आहे. सुमारे २०० नमुन्यांवर अचूकता ९० टक्क्यांपर्यंत आढळली खरी, परंतु गाठ कोठे आहे, हे ही चाचणी सांगत नाही. डॉक्टरांनी सुचवलेली बायोप्सी (शरीरातील पेशींचा छोटा नमुना काढून केलेली तपासणी) या संदेशाच्या भरवशावर कृपया कोणीही लांबणीवर टाकू नये.